डेस हॅलोरन चुकीच्या दारातून आत जातो

डेस हॅलोरनला सगळे ‘सूटकेस’ म्हणायचे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणकामगाराचा मुलगा. उंची अशी, की आमच्या बसमध्ये चढताना मान तिरकी करावी लागायची. बास्केटबॉलवर पोट भरायचं त्याने शाळेतच ठरवलं होतं आणि भरलंही, फक्त एका गावात बसून नाही. कुठे कुणाचा गुडघा गेला, कुठे कुणाचं कोचशी वाजलं, की डेसला फोन. मॅके, बंडाबर्ग, लॉन्सेस्टन, मधेच एक मोसम न्यूझीलंडात. मोठ्या लीगमध्येही तो एकदा जाऊन आला. तिथे बहुतेक वेळ बाकावरच बसला. “पण बाकाची गादी मऊ होती रे,” म्हणायचा. बायको जोलीन केस कापायची. नव्या गावात तिला आधी सलून सापडायचं, मग याला सूर.

आमच्या मिल्ड्युराच्या संघात आला तेव्हा पस्तिशी उलटली होती. बस चालवणं, जर्स्या धुणं, बाटल्या भरणं ही माझी कामं. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “मर्व्ह, जर्सीवर माझं नाव छापू नकोस. चिकटव नुसतं. काढायला सोपं.”

त्या वर्षी आमचा उपांत्य सामना शेपर्टनला होता, रविवारी दुपारी. दोन मोसमांपूर्वी डेस शेपर्टनच्याच संघात होता. खेळाडू कोर्टवर अंग मोकळं करून आले आणि पाहतो तर सूटकेस गायब. मी शोधत शोधत यजमानांच्या ड्रेसिंग रूमपाशी पोचलो, दार लोटलं, तर आत आपल्या जुन्या कोपऱ्यात बसून गडी बुटांच्या नाड्या बांधतोय! सवयीने पाय तिकडेच वळले होते. पोरांना वाटलं, जुना दोस्त भेटायला आलाय. त्यांची कोच इलोना मेट्झ सगळ्यांकडे पाठ करून फळ्यावर डावपेच काढत होती.

“आणि सूटकेसला मोकळं सोडा. टाकू दे लांबून. त्याच्या हातून बॉल आत जातच नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. इलोना वळली.

“डेस? तू हल्ली कुणाकडून खेळतोस?”

“मिल्ड्युराकडून.”

“मग इथे काय करतोयस?”

“आत्ता मलाही तोच प्रश्न पडला,” डेस म्हणाला आणि एक बूट हातात घेऊन बाहेर आला.

आमचा कोच कर्ट वाटच बघत होता. “काय काय ऐकलंस? बोल लवकर!”

“सोड ना, कर्ट.”

“अरे, उपांत्य सामना आहे!”

“चुकून कानावर पडलं. ते काही आपलं नाही.”

“तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?”

“जर्सी बघ की कुणाची आहे.”

“अजून घातलीयस कुठे?” कर्ट ओरडला आणि त्याला बाकावर बसवलं.

शेवटच्या सत्रात आमचे दोन उंच गडी फाउल भरून बाहेर गेले, तेव्हा कर्टचा नाइलाज झाला. डेस आत गेला आणि ठरल्याप्रमाणे त्याच्याकडे कुणी फिरकेना. “टाक! टाक!” सगळं स्टेडियम चेकाळलं. त्याने टाकला, रिंगला आपटून आला. दुसरा कशालाच लागला नाही. तिसऱ्याला तर आमचेच लोक हसले. मग त्याने टाकणं सोडून दिलं. डेसला अडवायचं ज्याचं काम, तो त्यांचा गडी त्याला सोडून आमच्या चिमुकल्या पोराच्या, तेविताच्या अंगावर धावत होता. डेस जाऊन त्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहिला. तेविताला श्वास घ्यायला जागा मिळाली. त्याने एक बास्केट केली, मग दुसरी, तिसरी. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. अंतिम सामन्यात पुढे सपाटून मार खाल्ला, ती गोष्ट वेगळी.

परतताना चहाला थांबलो. डेसच्या हातातली खिमा भरलेली ‘मीट पाय’ गार होत होती.

“लागलं का रे इलोनाचं बोलणं?” मी विचारलं.

“लागलं. म्हणजे खरंच बोलली ती. पण मी तिच्याकडे होतो ना, तेव्हा रोज म्हणायची, टाकत राहा डेस, जाईल एक दिवस.”

मी त्याला माझ्याकडचा सॉस दिला.

मोसम संपला आणि जोलीनने पुढच्या गावासाठी खोकी जमवायला घेतली. तेवढ्यात इलोनाचा फोन आला. सहायक कोच होतोस का, म्हणाली.

“मी? अगं, मला टाकता येत नाही, हे तूच म्हणालीस.”

“मोकळं सोडलेल्या माणसाने काय करायचं ते तुला कळतं. पोरांना तेच शिकव. आणि तू तोंड उघडलं नाहीस, तेही मला कळलंय.”

जोलीन मागून ओरडली, “भाड्याच्या घरात मी येणार नाही! तिला आत्ताच सांग!”

शेपर्टनला घर घेतलं त्यांनी. जोलीनचं स्वतःचं सलून झालं. परवा गेलो होतो. डेससोबत पाव आणायला निघालो तर पाच मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला. जो तो हात करून थांबवतोय.

“बघतोस ना, मर्व्ह,” तो कुरकुरला, “आता इथून पळताही येत नाही.” आणि समोरून येणाऱ्या पोस्टमनला त्यानेच आधी हाक मारली.