‘घ’चा ‘ध’

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना सगळे नंबरकाका म्हणत. दूरचा, जवळचा, तिरका, कसलाही नंबर ते चहा निवायच्या आत काढून देत. भाषणाला गेले तरी वक्त्याचा चष्मा नाकावरून किती घसरलाय, तेवढंच बघून परत येत. अशा माणसाच्या बायकोने कविता कराव्यात आणि वर त्यांचं पुस्तक काढावं!

संग्रह छापून आला तेव्हा काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "छान आहे. अक्षर मोठं घेतलंस, ते बरं केलंस."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "एवढंच?"

"कागदही जाड आहे."

"अहो, मी कोऱ्या वह्या विकायला नाही काढल्या! छान पडद्यालाही म्हणतात. मला परीक्षण हवंय. काय आवडलं, काय खटकलं, का खटकलं. घरच्याच माणसाला सांगण्यासारखं काही सापडत नसेल, तर हे गठ्ठे जातील माळ्यावर आणि मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही."

काकू एकदा बोलल्या की बोलल्या. मागे अशाच रागाने विणकाम सोडलं, तेव्हा काकांचा स्वेटर एका बाहीवर अडकला तो आजतागायत.

काका घाबरले. पुस्तक दुकानात नेऊन फावल्या वेळात वाचू लागले. पण चष्म्याचं कसं, दिसलं की दिसलं. कवितेत जे बघायचं ते म्हणे ओळीच्या मागे असतं, आणि तिथला नंबर काढायचं भिंग काही त्यांच्या पेटीत नव्हतं. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. जवळचं वाचायचा तक्ता नाहीतरी पुसट झाला होता. त्याच्या जागी गिऱ्हाइकाच्या हातात पुस्तकच द्यायचं. नंबरही निघेल, मतही मिळेल.

बँकेतल्या कारकुनाने अख्खी कविता एका दमात वाचली आणि विचारलं, "सही कुठे करू?"

मग आल्या शिलाईवाल्या मावशी. सुईत दोरा जाईना म्हणून वैतागलेल्या. काकांनी शिरस्त्याप्रमाणे आधी जुन्याच चष्म्यातून वाचायला लावलं. मावशींनी पुस्तक लांब धरलं आणि अडखळत वाचलं:

"दिवसभर सगळ्यांचं करून दमलेले हात
संध्याकाळी एवढंच म्हणतात: धर."

 मग मावशी पुस्तक मांडीवर ठेवून आपल्या सुया टोचलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "काय लिहिलंय हो काकूंनी," त्या म्हणाल्या. "कुणी म्हणतच नाही असं."

काकांनी नवी भिंगं घातली. "आता वाचा."

"...एवढंच म्हणतात: घर." मावशींनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "घर? काका, तुमचं भिंग चुकलं. आधीचं बरं होतं."

"मावशी, आता स्वच्छ दिसतंय ना?"

"दिसतंय स्वच्छ. पण मजा गेली."

आजवर ‘ध’चा ‘मा’ झालेला सगळ्यांनी ऐकला होता, पण ‘घ’चा ‘ध’ होऊन माणूस असा हळवा झालेला काकांनी पहिल्यांदाच पाहिला. मावशी गेल्यावर त्यांनी ती ओळ दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणून पाहिली. पुन्हा म्हटली. मग चक्क शटर ओढून घरी निघाले.

काकू टेबलाशी चहा पीत होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "दमलेल्या हातांच्या कवितेतला शेवटचा शब्द चुकलाय."

कप बशीत वाजला. "चुकलाय?"

"घर पाय म्हणतील. चालून दमतात ते पाय. हात कशाला घर म्हणतील? हात म्हणतील... धर."  आता गठ्ठ्यांबरोबर आपणही माळ्यावर जातो की काय, असं काकांना वाटलं.

 काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आधी धरच लिहिलं होतं."

"मग बदललंस कशाला?"

"लाज वाटली. या वयात! लोक म्हणतील, काकू कुणाला म्हणतायत धर म्हणून?"

"कुणाला म्हणतेस?"

"समोरच्या इस्त्रीवाल्याला!" काकू फणकारल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "उभे काय राहिलात? पेन आणि शाई आणा."

दोघं कपाटाच्या आरशासमोर गठ्ठा सोडून बसले. ‘घ’चा ‘ध’ करायचा तर डोक्यावरची रेघ ब्लेडने जराशी खरवडायची आणि एक गाठ मारायची. बारीक काम काकांच्या हातचंच. तरी काकू ओरडल्याच, "अहो, केवढं पोट सुटलंय या ‘ध’चं!"

"समोर बघून काढतोय."

"मला बघून?"

"आरशात, गं!"

काकू इतक्या हसल्या की शाई सांडली. मग डोळे पुसत त्यांनी पान उलटलं आणि खुर्ची जवळ ओढली. "बरं, ही पुढची. हिच्यात काय खटकलं?"

"हिच्यात काही नाही."

"नीट वाचा!"

काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, वाचायला घेतलं.