दक्षिण कोपऱ्यातले माड

"ते माड तुम्हीच काढलेत," बायको म्हणाली. "त्यांच्यामागे काय दडवलंय तेही तुम्हालाच ठाऊक. आणि आता तिथेच खोली घ्यायची म्हणता?"

"मागचं काही चित्रात दिसत नाही," झाडवाले म्हणाले. त्यांच्या मते मुद्दा इथेच संपत होता.

भांडणाचा तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी आवाज चढले, दुसऱ्या दिवशी भांडी वाजली, आणि आता दोघंही शांतपणे, एकेक शब्द निवडून बोलत होती. ते जास्त वाईट होतं.

गल्लीत त्यांना सगळे झाडवाले म्हणत. नर्सरीशी त्यांचा काही संबंध नव्हता. होऊ घातलेल्या इमारतींची रंगीत चित्रं काढून देणाऱ्या एका लहानशा कचेरीत ते सव्वीस वर्षं नोकरीला होते. इमारत इंजिनिअरची; झाडं, तलावाची निळाई आणि आरामखुर्चीतली सडपातळ माणसं झाडवाल्यांची. जागेचा फोटो यायचा आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'इथे झाकावे'. पडक्या भिंतीला दोन झाडं पुरत. नाल्याला फुलांचा वेल लागे. उकिरड्याला गर्द झाडी. कॉम्प्युटर आला तेव्हा तेही तो शिकले, पण झाडं हातानेच काढत राहिले. मालकही म्हणायचा, कॉम्प्युटरची झाडं सगळी एका आईची वाटतात.

अशी दोनशेवर चित्रं त्यांच्या हातून गेली, पण एकाही चित्राच्या प्रेमात ते पडले नव्हते. यंदा ते समुद्राकाठच्या विश्रामगावाचं चित्र आलं. योजना सोपी होती. आपण खोली विकत घ्यायची, कंपनी ती पर्यटकांना भाड्याने देणार, वर्षातले पंधरा दिवस आपण फुकट राहायचं. उष्ण प्रदेशात पर्यटनासारखी दुसरी गुंतवणूक नाही, असं कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत पानोपानी लिहिलं होतं. जागेच्या दक्षिण कोपऱ्यामागे विजेचं उपकेंद्र होतं. त्यावर त्यांनी पाच माड उभे केले, थोडे कललेले, मागे सोनेरी उजेड. मग एका सज्ज्यात कप घेऊन बसलेली बाई काढली. चित्र पुरं झालं तरी त्यांनी ते लगेच पाठवलं नाही. दुपारभर बघत बसले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, पुढचं दुकान विकू या.

पुढचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं. पँट आखूड करणं, चेनी बदलणं, शाळेचे गणवेश, पडदे. खोली तिच्या वडिलांनी तिला दिलेली, कागद तिच्या नावावर, म्हणून सही तिचीच लागणार. एकोणीस वर्षं ती त्या खोलीत बसली होती आणि गल्लीत कोणाचं पोट सुटलं, कोणाचं वजन उतरलं हे तिला डॉक्टरच्या आधी कळे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवू नका, एवढंच तिने पहिल्या दिवशी सुनावलं होतं.

म्हातारी आई सवयीने मुलाच्या बाजूची होती. पण दुकान गेलं तर दिवसभर बोलायला माणसं कुठून आणायची, हा विचार येताच ती सुनेकडे सरके. मुलगी एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला होती. तिने सांगितलं, "बाबा, आमच्या निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. संध्याकाळी आम्ही त्यांत नुसते दिवे लावून ठेवतो, भरल्यासारखं दिसावं म्हणून."

"तुमच्या हॉटेलचं चित्र मी काढलेलं नव्हतं," झाडवाले म्हणाले.

शेवटी तोड निघाली. रविवारी कंपनीची बस लोकांना जागा दाखवायला नेणार होती. दोघांनी जायचं. पाहून आल्यावरही त्यांना हवंच असेल, तर ती सही करील. हे बोलताना तिला फार भीती वाटली नाही. माणूस हट्टी असला तरी त्याला डोळे आहेत, असा तिचा हिशेब होता.

बसमध्ये प्रत्येकाला एक टोपी आणि थंड पेयाची बाटली मिळाली. जागेवर सपाट केलेली माती होती, सुतळ्या ताणलेल्या होत्या, आणि प्लायवूडची एक नमुन्याची खोली, जिच्यातून एसीच्या थंडाव्यामुळे कोणी बाहेर यायला तयार नव्हतं. समुद्र होता; एवढं खरं. आणि त्याच्या उलट बाजूला, तारांच्या जाळ्यात, गुरगुरत उभं असलेलं उपकेंद्र.

झाडवाल्यांनी बरोबर आणलेली चित्राची गुंडाळी उलगडली. एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा उपकेंद्राकडे.

"हे असं उघडं कसं?" ते म्हणाले.

बायकोला वाटलं, सुटलो.

"माड कुठायत?"

माड होते. कंपनीने पाच पूर्ण वाढलेले माड ट्रकमधून आणून खरोखर लावले होते. चार फाटकाशी, दोन इकडे दोन तिकडे, आणि उरलेला एक स्वच्छतागृहाच्या दाराशी. झाडवाले तडक टाय लावलेल्या विक्री-प्रतिनिधीकडे गेले. पाऊण तास त्यांनी त्याला दक्षिण कोपरा समजावला. दोन माडांत अंतर किती, कोणता पुढे, कोणता मागे, कललेला का हवा. बायको टोपीखाली घाम पुसत शेजारी उभी होती.

पोरगा सभ्य होता. म्हणाला, "काका, फाटकाशी लावले की फोटो छान येतात."

"पण चित्रात कुठे आहेत ते बघा ना."

"चित्राकडे एवढं कोण बघतं, काका? ते नुसतं कल्पनेसाठी असतं. खाली लिहिलेलंच असतं की."

लिहिलेलं होतंच. सव्वीस वर्षं ती ओळ झाडवाले स्वतःच्या हाताने लिहीत होते, चित्र बिघडू नये म्हणून जमेल तितक्या बारीक अक्षरात.

परतीच्या बसमध्ये त्यांनी चित्राची गुंडाळी वरच्या फळीवर टाकली. बायकोजवळ पुष्कळ तयारी होती. उपकेंद्राची गुरगुर, मुलीच्या हॉटेलातल्या रिकाम्या खोल्या, दुकान, वडील. त्यातलं तिने काहीच काढलं नाही. फक्त विचारलं, खिडकीशी बसता का. ते बसले.

घरी आईने विचारलं, समुद्र आहे का रे तिथे. मुलगी दारातच उभी होती. झाडवाल्यांनी हातपाय धुतले, टॉवेल जागेवर टांगला आणि खुर्चीत बसले.

"दुकान विकायचं नाही," ते म्हणाले. "ज्यांना पाच माड धड लावता येत नाहीत, त्यांच्याकडे आपण पैसे गुंतवणार नाही."