टॅबमधली नूतन

रामनाथचं बोलणं आधी बाजाराचं होतं. नारायणगावच्या मार्केटात संध्याकाळी कोथिंबिरीच्या, मेथीच्या जुड्यांचे ढीग जमिनीवर लागत आणि रामनाथ त्यांच्यामधून लिलाव पुकारत चालायचा. मागे व्यापाऱ्यांचा घोळका. एका ढिगाशी थांबायचं, जुडी उचलून झटकायची, आणि "बोला, बोला" म्हणत भाव चढवत न्यायचा. आणे गावाच्या पठारावरून माल घेऊन आलेल्या बाया त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. तो कुणाला आक्का म्हणे, कुणाला मावशी. कुणाची मेथी त्याला नवरीसारखी दिसे.

नूतननं हे एकदाच पाहिलं होतं. त्याचा घरी विसरलेला चष्मा द्यायला ती वारूळवाडीहून मार्केटात गेली होती. लिलाव पुकारता पुकारता तो हसत होता; त्याला तसा हसताना तिनं तोवर पाहिलं नव्हतं. चष्मा दादाभाऊंच्या हातात देऊन ती तशीच मागे फिरली. दादाभाऊ रामनाथच्याच गाळ्यावर तोलाई करायचे.

घरी येईपर्यंत रामनाथचा घसा बसलेला असे. जेवताना तो बोटांनी बोलायचा. मीठ, पाणी, पुरे.

"आवो, काय तरी बोला की," ती म्हणायची.

"माणसाला तोंड एकच," तो खरखरीत आवाजात म्हणायचा. "ते मी इकून आलोय."

बाजाराला सवत म्हणता येत नाही, म्हणून ती काही म्हणायची नाही. पण त्याच्या शर्टाला कोथिंबिरीचा वास यायचा आणि तो धुताना ती शर्ट दगडावर जरा जास्तच आपटायची.

मग त्याला मार्केटातच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. सगळ्या शब्दांमधून एकच मागे राहिला. बोला. पाणी हवं तरी बोला, पंखा नको तरी बोला. भेटायला आलेले आधी हसले, मग रडले, मग यायचे थांबले.

नूतन तो एक शब्द शिकली. खालच्या सुरात आला की पाणी. लांबला की कूस बदलायचीय. तुटक आला की लाज वाटतेय, माणसं बाहेर घालव. दादाभाऊ तेवढे येत राहिले. ते खाटेजवळ बसायचे आणि रामनाथऐवजी तिच्याकडे बघायचे.

"वहिनी, काय म्हनतोय ह्यो?"

"म्हनत्यात, च्या घ्या."

हळूहळू ती त्यात स्वतःचंही थोडं घालू लागली. "म्हनत्यात, आता निघा, लई येळ झाला." रामनाथ तिच्याकडे बघायचा. बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

लोक म्हणायचे, बिचारीवर काय वेळ आली. नूतन मान हलवायची. मुलगा आदेश चाकणहून फोन करून विचारायचा, "आई, दमली असशील?" ती म्हणायची, "दमते रं." आणि फोन ठेवल्यावर रामनाथच्या डोक्याला तेल लावायला बसायची. ते डोकं तिच्या मांडीवर असायचं, कुठे जायचं नसायचं त्याला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला नवरा आत्ता मिळाला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

संस्कृती आली ती स्कूटीवरून. मूळची पेठ गावची, पुण्यात वाचा-उपचाराचं शिकून नारायणगावातल्या एका केंद्रात लागलेली. तिनं रामनाथसमोर टॅब धरला. त्यावर चेहरे होते. हसरा, रागावलेला, घाबरलेला, रडणारा.

"काका, आपल्याला कसं वाटतं? बोट ठेवा."

रामनाथनं डावं बोट जराही न अडखळता रडणाऱ्या चेहऱ्यावर ठेवलं.

"रडाया काय झालं?" नूतन म्हणाली. "मी करत न्हाई का समदं? सांगा ना मॅडमना, मी करत न्हाई का?"

"करता हो, काकू," संस्कृती म्हणाली. "पण ते आतून खचलेत. मनात आहे ते बाहेर येत नाही, मग माणूस भिंतीकडे तोंड करतो. आधी बोलणं आणू. मन त्याच्या मागून येईल."

नूतनला भिंत आठवली. दुपारी तो तिकडे वळून पडायचा, ती समजायची झोपलाय.

टॅब घरीच राहणार होता. त्यात चित्रं दिसायची, आवाज विचारायचा, आणि रामनाथनं उत्तर दिलं की टॅब ते ऐकून बरोबर की चूक सांगायचा.

"काकू, ह्यात तुमचा आवाज घालू या," संस्कृती म्हणाली. "घरचा आवाज ऐकला की काका लवकर दाद देतील. तुम्ही फक्त हे पेपरातलं पान वाचा. त्यावरनं ते एआय तुमचा आवाज शिकतं. मग तुम्ही कधी न बोललेलंसुद्धा तुमच्या आवाजात बोलतं."

"मी न बोललेलं?"

"हो."

"मग त्येला मी कशाला पायजे?"

संस्कृती हसली. नूतननं पान वाचलं, अडखळत, हवामानाचा अंदाज आणि कांद्याचे भाव.

पुढच्या वेळी टॅब बोलला.

"नमस्कार, रामनाथ. आज आपण घरातल्या वस्तूंची नावं घेऊ या."

नूतननं आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं का. ते नाव तिनं उघड्यावर एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर अहो, हे, आदेशचे पप्पा. आणि आता तिचाच गळा अंगणापर्यंत ऐकू जाईल असं नाव घेत होता, पुढे राव नाही, काही नाही. रामनाथच्या चेहऱ्याची चालणारी बाजू लाजली. खरंच लाजली.

"ही न्हाई म्हनत न्हाई," नूतन म्हणाली. "नाही म्हनती. ऐकलं का?"

"ती पुण्याला शिकलीये, काकू."

"आन् रागावती कधी?"

"नाही. रागावलं की पेशंट सोडून देतात."

"तिला जरा रागवाया शिकवा. लोकांना वाटंल मीच आशी गोड बोलती."

टॅबमधली नूतन दमायची नाही. रामनाथ एकाच चित्रापुढे अडला तरी ती तितक्याच मऊपणे पुन्हा विचारायची. तो "पा... पा..." करत "पाणी"पर्यंत पोचला की म्हणायची, "शाब्बास! किती छान म्हणालात." दार आलं. वांगं आलं. 'नाही' आलं, आणि ते पुण्याचं आलं, शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण. नूतन स्वयंपाकघरातून ऐकायची. आपला आवाज आपल्या नवऱ्याचं कौतुक करतोय आणि आपण भाकरी थापतोय.

एक दिवस तिनं पाहिलं, तो टॅबपुढे बसण्याआधी डाव्या हातानं भांग पाडत होता.

"आवो, कुटं निघालात?"

"बोला," तो म्हणाला, आणि टॅबकडे बोट केलं.

सवतीला वेगळं तोंड असतं, वेगळं नाव असतं. तिला शिव्या देता येतात. हिला शिवी दिली तर ती आपल्याच घशात जाते. नूतन हे रात्रंदिवस चघळत राहिली. कधीतरी वाटायचं, ही बाई आपल्यातूनच निघाली आहे. आपल्याला जितकं गोड बोलता आलं असतं तितकं सगळं घेऊन गेली, आणि मागे उरलेली ती मी. एकदा तिनं दारात उभं राहून तसंच म्हणून पाहिलं. "शाब्बास. किती छान म्हनलात." रामनाथनं वर पाहिलं. नक्कल करणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. मग पुन्हा टॅबकडे.

आणि खरा काटा हा होता की तिच्यापाशी तो अजून "बोला"च म्हणायचा. पाणी हा शब्द आला होता, तो टॅबला मिळत होता. नूतनला नुसतं बोला.

"कारण तुम्ही ओळखता, काकू," संस्कृती म्हणाली. "त्यांना शब्दाची गरजच पडत नाही तुमच्यापाशी. कळलं तरी जरा कळलं नाही असं करा."

"ह्यांचं मला कळतं, म्हनून माजी चूक?"

"चूक नाही हो."

"आख्ख्या गावात मलाच कळतं ह्यांचं. ते बी सोडू?"

संस्कृती गेली. नूतननं टॅब फडक्यात गुंडाळला आणि बाजरीच्या डब्यात तळाशी दाबून ठेवला.

"बिघडलाय. मॅडम दुरुस्तीला घिऊन गेल्या," तिनं त्याला सांगितलं.

तो भांग पाडून बसला होता. बराच वेळ तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी भांग पाडला नाही. मग भिंतीकडे वळला. नूतननं पाणी दिलं, कूस बदलली, डोक्याला तेल लावलं. सगळं पहिल्यासारखं झालं होतं. फक्त आता तिला माहीत होतं की तो झोपलेला नाही.

त्याच आठवड्यात दादाभाऊ आले, भलतेच खुशीत.

"राम्या, ऊठ! शेठ म्हनतोय, त्येला गाळ्यावर आन. लिलाव नको पुकारू, नुसता खुर्चीवर बस. माल बग, खूण कर. जीभ गेली आसंल, नजर तर न्हाई ना गेली? उद्यापास्नं संध्याकाळी रिक्षा पाठवतो."

रामनाथ हातावर रेटून उठला. "बोला!" तो म्हणाला. वर चढलेला, उघडा. नूतनला कळायला क्षणही लागला नाही. असा 'बोला' तिनं एकदाच ऐकला होता, हातात चष्मा धरून.

"काय म्हनतोय, वहिनी?"

"म्हनत्यात, न्हाई," नूतन म्हणाली. "चारचौघांत तोंड दाखवाया नको वाटतंय."

दादाभाऊंची मान खाली गेली. "आसं का... बरं, राव. तुजी मर्जी."

"बोला! बोला!" रामनाथनं खाटेवर हात आपटला.

"बगा, चिडले. म्हनत्यात, परत इचारू नका."

दादाभाऊ चपला शोधू लागले. रामनाथचा चेहरा लाल झाला, ओठ डावीकडे ओढले गेले, गळ्याची शीर उभी राहिली. एकही चित्र समोर नव्हतं. कोणी विचारत नव्हतं. आणि घरात मोठ्यानं ऐकू आलं,

"नाही!"

दादाभाऊ एका चपलेत थांबले.

"नाही. खो... खोटं. ती... खोटं." मग बराच वेळ श्वास. "जाणार."

"आयला, ह्यो तर शुद्ध बोलाय लागला!" दादाभाऊ ओरडले, हसले, आणि हसता हसता त्यांना तो काय म्हणाला ते कळलं. त्यांनी नूतनकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "उद्या रिक्षा येतीया," एवढं म्हणून ते दुसरी चप्पल हातातच घेऊन निघून गेले.

नूतन उभी होती. लाज वाटली, पण ती नंतर. आधी जे वाटलं ते निराळं होतं. हे तो मला म्हणाला. टॅबमधल्या तिला त्यानं कधी खोटी म्हटलं नाही. तिच्याशी त्याचं कधी भांडण झालं नाही, होणारच नाही, ती कधी चुकतच नाही.

ती आत गेली. बाजरीत हात घातला, टॅब काढला, पदरानं पुसला आणि त्याच्यासमोर ठेवला. रामनाथनं टॅबच्या कडेला अडकलेले दाणे बोटानं एकेक करून खाली पाडले.

"जा," तो म्हणाला.

हेही तिला म्हटलेलंच होतं. ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो लवकरच तयार झाला. इस्त्रीचा शर्ट, भांग. रिक्षा यायला अवकाश होता, म्हणून टॅब मांडीवर. नूतन स्वयंपाकघरात पीठ मळत होती. एक सवत बाजाराकडे ओढतेय, दुसरी मांडीवर बसलीय.

"रामनाथ, हे काय आहे?" टॅबमधल्या नूतननं मऊपणे विचारलं.

"बादली!" ही आतून ओरडली.



"मला समजलं नाही. पुन्हा म्हणाल का?" टॅब म्हणाला. एकच आवाज दोन्हीकडून आल्यानं तो गोंधळला असावा.

"तां... तांब्या," रामनाथ म्हणाला.

"बादलीच हाय ती!"

"नाही! तांब्या!"

नूतन पिठाच्या हातांनी दारात आली. चित्रात स्वच्छ, चकचकीत पितळी तांब्या होता. तिनं वाकून तो नीट न्याहाळला.

"ह्याला कोन तांब्या म्हनंल? कडी दिसंना व्हय तुमाला? बादली."

"तांब्या!" रामनाथनं टॅबवर बोट आपटलं. "तांब्या! तां..." आणि तो मध्येच अडकला, त्याचे डोळे तिच्या तोंडावर थांबले. टॅबनं कधी दाखवला नव्हता, कुठल्याच चित्रात मावला नसता असा एक शब्द त्याच्या तोंडातून आख्खा बाहेर पडला, न शिकवलेला, गावचा.

"येडी!"

टॅब म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही."

नूतननं पदराला हात पुसले. बाहेर रिक्षाचा आवाज आला, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

"कुनाला म्हनलात येडी?" ती म्हणाली. "तिला का मला?"

रामनाथनं टॅबकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बाहेर हॉर्न वाजला, तरी ती वाट अडवून उभी राहिली.

"तुला," तो म्हणाला.