आईचंच हाड

हिरड्यांच्या दुखण्यात आईचे पुढचे दात गेले आणि ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली. कवळी तिला सोसेना, घातली की उमासे यायचे. म्हणून तिला घेऊन मी आमच्या तात्यापाऱ्याच्या घरून समता कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "आंटी, इम्प्लांट टिकने लायक हड्डी ही नहीं बची. पहले हड्डी बनानी पड़ेगी." इम्प्लांट म्हणजे दात बसवायला हाडात रोवायचा स्क्रू, असं त्यांनी समजावलं. त्याआधी हाडाची भुकटी भरायची, वर पातळ पडदा घालून हिरडी शिवायची, त्या आधारानं आपलं हाड वाढतं.

"भुकटी कायची?" आईनं विचारलं.

"गाय की हड्डी की. एकदम साफ की हुई."

आई खुर्चीतून उठलीच.

घरी मी चिडले. "तुझ्यासाठीच करून राहिली न मी!"

"मले समजते. पण ते माझ्या तोंडात नाही जाणार."

मी पुन्हा एकटीच डॉक्टरीणबाईंना भेटले. जबड्याच्या मागून तिचंच हाड घेता येईल, म्हणाल्या. पण दुसरी जखम होईल, आणि आईला तर आधीच शुगर. मी घाबरले. नकोच, असं आईला सांगितलं.

"माझंच हाड आहे न? मग भेतं काहून?"

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर बसले होते. आतलं मशीन घरघरायचं, थांबायचं. मग नर्स घाईनं बाहेर आली आणि कापसाच्या पट्ट्या घेऊन पळतच आत गेली. बऱ्याच वेळानं आई चालत बाहेर आली, गाल सुजलेला, डोळे उघडे.

पण काही दिवसांनी टाका उसवला, फटीतून आत भरलेलं पांढरं हाड दिसायला लागलं. तशीच रिक्षा करून तिला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा शिवलं.

काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. एका बाजूचं हाड विरघळलं होतं, दुसऱ्या बाजूचं धरलं होतं. तेवढ्यावर इम्प्लांट बसले, त्यांच्या आधारानं बाकीचे दात.

"कसं वाटते?" मी विचारलं.

"लाकडासारखं. चावते, पण समजत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खऱ्या दाताभोवती बारीक धाग्यांची गादी असते, तिच्यामुळेच चावलेलं जाणवतं. इम्प्लांटभोवती ती उगवून आणायचे संशोधकांचे प्रयत्न चालू आहेत, अजून जमलेलं नाही.

"जमलं तर सांगजा," आई म्हणाली आणि चपला घालायला वाकली.