टाकी फिरवायची मोटार

बालाघाटात कुणाची मोटार जळली की लोक ती चिंतामण रामटेक्याकडे आणत. नुसता वास घेऊन तो सांगायचा, वाइंडिंग कितपत गेलं ते. अशा माणसाला एक जुनी मोटार निवडता येऊ नये, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. मी त्याच्या समोरच राहतो. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचा घोळ रोज बघून मलाच गरगरायला लागलं होतं.

झालं होतं असं. त्याच्या मुलाला, भोजराजला, वैनगंगेच्या बंधाऱ्यावर पाणबुड्याचं काम मिळालं होतं. पाण्याखाली जाऊन बंधाऱ्याच्या दारात अडकलेले ओंडके काढायचे. ठेकेदाराने पाठीवर बांधायची हवेची टाकी दिली, ती आतून गंजलेली. साफ करून आण, मग हवा भरून देतो, म्हणाला. तिथल्या जुन्या पाणबुड्याने उपायही सांगितला. टाकीत पाणी आणि धारदार खडी घालायची, टाकी दोन फिरत्या रुळांवर आडवी ठेवायची आणि मोटारीने हळूहळू फिरवत राहायची. खडी गंज खरवडून काढते. मोटार तेवढी बापाने निवडायची होती.

हिरालाल कबाड्याकडून पहिल्यांदा टेबलफॅनची मोटार आली. "जीव नाही इच्यात," चिंतामण म्हणाला. मग राइस मिलची आली. तिच्यात जीव इतका की टाकी उडून माझ्या अंगणात पडली असती. टुरिंग टॉकीजमधली आली, ती तापायची. हिरालाल वैतागला. "भैया, लड़की देख रहे हो कि मोटर?" गल्लीत लोक म्हणू लागले, नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटी बंद पडलेल्या बेकरीतली, मैदा मळायच्या यंत्राची मोटार आली. गिअरसकट. संथ चाले, ओझं ओढे, घरच्या लाइनीवर चाले. चिंतामणने ती खोलली, पुसली, पुन्हा जोडली आणि समोर बसून राहिला.

"आता काय अडलं, चिंतामणभाऊ?" मी विचारलं.

"काही समजून नाही राह्यलं. हिची खोट सापडून नाही राह्यली."

खोट नसलेली मोटार मिळाल्यावर माणूस रडवेला का होतो, ते मला कळेना. तेवढ्यात भोजराज बाहेर आला.

"बाबा, सोमवारी मी जाऊन राह्यलो. टाकी साफ नसन तं तशीच नेतो."

"अन् गंज छातीत गेला तं?" आतून त्याच्या आईचा, प्रेमलताबाईंचा आवाज आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटार ठरली की पोरगं पाण्यात उतरणार, म्हणून ती ठरत नव्हती. आणि नाही ठरली तरी ते उतरणारच होतं. चिंतामण भ्यायला होता, बाकी काही नाही. त्याने पाना उचलला.

मग टाकी फिरत राहिली. गल्लीभर खडखडाट झाला, पण भांडायला कुणी गेलं नाही. चिंतामणने ती धुतली, गरम हवेने वाळवली, तारेला बारका दिवा बांधून आत सोडला आणि एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघितलं. तरी त्याचं समाधान होईना.

रविवारी भोजराज सायकलवर भरलेली टाकी घेऊन आला. चिंतामण खाटेवर बसला. "आण इकडे. पैले मी." त्याने नळी तोंडात धरली आणि श्वास घ्यायला लागला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"गंज लागते का?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. श्वास चालूच होता. चहा आला, निवला.

"बाबा, झालं नं आता," भोजराज म्हणाला. "हवा सरून राह्यली. उद्या काय नेऊ मी?"

चिंतामणने मान डोलावली, म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. नळी मात्र त्याने काढली नाही.