अण्णांच्या डोक्याजवळचं लोहचुंबक

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील बब्रुवान, कशाला भीत नाहीत असं ढोकीत कुणीही सांगेल. कुणाच्या गोठ्यात साप निघाला की बोलावणं यांनाच. पण लोहचुंबकाला ते भ्यायले, आणि त्यांना हसायची माझी छाती झाली नाही.

साखर कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. गव्हाणीतून पुढं सरकणाऱ्या उसावर तिथं मोठं लोहचुंबक टांगलेलं असतं. मोळीत राहिलेला कोयत्याचा तुकडा, ट्रॉलीचा बोल्ट, जे लोखंड असेल ते खाटकन वर ओढून घेतं. चुंबकाला चिकटलेलं ते लोखंड ओढून काढायचं काम अण्णांचं होतं.

पुढं त्यांना कंपवात झाला. चहा तोंडात कमी, धोतरावर जास्त. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूत दोन बारीक तारा बसवल्या, छातीत कातडीखाली यंत्र ठेवलं. हात थांबले. पाय मात्र दारात आले की जमिनीला चिकटायचे. दोनदा उंबऱ्यावर तोंडावर पडले. आणखी एकदा पडले तर अंथरूणच धरतील, या धास्तीनं मी त्यांना एकटं सोडेना.

बाई म्हणाल्या, "तारा आतून काम करतायत, आता कवटीवरून चुंबकाचे झटके देऊन बघू. नवा प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही. तुमच्या यंत्राला चालतं का ते तपासलंय. तरी नको वाटलं तर नाही म्हणा."

ऑपरेशननंतर चुंबकापासून लांब राहा म्हणून बजावणाऱ्या याच बाई! शिकलेल्या माणसापुढं अण्णांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. मान हलवली आणि बाहेर येऊन माझं मनगट धरलं.

"सोनाली, तारा वर आल्या म्हंजे? म्या बघितलंय गं, कसं ओढतंय ते."

"त्या लोखंडाच्या न्हाईत अण्णा, म्या इचारलंय."

म्हणाले खरी, पण परत आत जाऊन बाईंना तेच पुन्हा एकदा विचारून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून छातीतलं यंत्र थोडा वेळ बंद केलं. बघता बघता हात थरथरायला लागले, मग हनुवटी. नर्सनं पोळपाटाएवढं काळं चुंबक डोक्याजवळ आणलं. अजून टेकवलंही नव्हतं, नुसता चाचणीचा टक् असा आवाज झाला आणि अण्णा उठले.

"नको. चल घरी."

बाईंनी अडवलं नाही. चुंबक बाजूला ठेवायला सांगितलं आणि यंत्र सुरू करायला त्या पुढं आल्या. पण अण्णांना कुठला धीर? तुरुतुरु दारापर्यंत गेले आणि तिथंच थिजले. पाय उचलेना. कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला.

"ढकल की मला!"

ढकललं तर पडतील म्हणून मी कमरेला मिठी मारून उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "सोनाली, भिऊन पळायचं म्हनलं तरी पाय पायजेत गं. फिरव मला खुर्चीकडं."