मध्यंतरातली आरोळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती न ऐकताच गेली. आता तुम्ही समोर बसला आहात म्हणून बोलतो. खरं तर थकलोय. इतकी वर्षं एक गोष्ट दाबून धरायची म्हणजे माणूस थकतोच.

लालबागच्या आमच्या गिरणीची बास्केटबॉलची टीम होती, हे आज सांगून पटत नाही. लालबाग म्हटलं की हुतूतू. पण आमचा वेल्फेअर ऑफिसर लष्करातून आलेला, त्याला या खेळाचं वेड. त्याने गोदामामागे सिमेंटचं मैदान करून घेतलं, खांब उभे केले, आणि मुंबईभरातून खेळाडू हुडकून त्यांना गिरणीत नोकऱ्या दिल्या. नाव कुठल्या तरी खात्यात, काम मात्र खेळायचं. पगार खेळाचाच.

सुरुवातीला आम्ही हसायचो. माझ्या शेजारचे साचे, म्हणजे माग, भिकादादा चालवायचे. मालवणकडचे, चाळीतही माझ्या शेजारच्याच खोलीत. एकटा माणूस. पहिली मॅच बघून म्हणाले होते, "मेल्या वसंता, ह्या टोपलेक बूड खंय आसा?" आणि वर्ष उलटायच्या आत हेच दादा रॉकेलचा डबा बडवत सगळ्यांच्या पुढे! पाळी सुटली की माणसं घरी जायची नाहीत. कापसाच्या गासड्यांवर चढून बसायची. आरोळी द्यायचं काम माझं — आवाज मोठा होता ना. मी एकदा ओरडलो की मागून सगळी चाळ ओरडायची. त्याचा केवढा माज होता मला...

आणि रमणीक. गिरगावात एका वाडीत राहणारा गुजराती मुलगा. जन्म तिथलाच, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. डावखुरा होता. त्याने बॉल सोडला की आम्ही टोपलीकडे बघायचोच नाही, त्याच्या तोंडाकडे बघायचो. तो हसला म्हणजे बॉल टोपलीत पडला. दादा त्याला "आमचो झिल" म्हणायचे. मुलगा म्हणायचे हो, स्वतःला मूल नव्हतं तर.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गिरण्या बंद पडल्या. मी आणि दादा मोर्चाबरोबर गिरगावात गेलो. घोषणा देणारा मीच. वाटलं होतं, फार तर लाठ्या पडतील. पण गोळ्या सुटल्या. दादा माझ्या शेजारी खाली बसले — मला वाटलं, वाकले. मग रस्त्यावर रक्त दिसलं. त्यांनी माझं नाव घेतलं. आणि मी — मी पळालो. एका दुकानाच्या फळ्या लावत होते, त्यात घुसलो.

फळ्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. हे सांगायचं टाळता आलं असतं, नाही? पण दिसत होतं. दादा पडलेले, रस्ता मोकळा. आणि वाडीतून रमणीक धावत आला. त्याने दादांना खांद्यावर घेतलं. हॉस्पिटल लांब. पोलिसांची एक लॉरी आली, तिच्यासमोर तो हात पसरून उभा राहिला. शिव्या खाल्ल्या, पण हटला नाही. शेवटी दादांना घेऊन त्याच लॉरीत बसून गेला. दादा तोवर शुद्धीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या माणसांनी मला गाठलं. "तू होतास ना त्यांच्याबरोबर? हॉस्पिटलात कोणी नेलं?"

"मी."

एवढंच बोललो. बाकीचं लोकांनीच रचलं.

दादांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडले. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? त्या खाटेपाशी दोघंच तर होतो.

गिरण्या सुरू झाल्या तेव्हा आणखी एक बातमी फिरत होती — रमणीकला पोलिसांच्या लॉरीत बसलेला कुणीतरी पाहिला होता. गुजराती माणूस, त्या दिवसांत, पोलिसांच्या लॉरीत. त्याला फितूर ठरवायला लोकांना एवढं पुरलं. माझ्याबद्दलचं कौतुकही त्याच्या कानावर गेलं असणार. गेटवर त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, इतकंच. विचारलं असतं कुणी तर सांगितलंही असतं त्याने. पण कुणी विचारलं नाही.

इथवर म्हणाल, वसंता भित्रा होता आणि गप्प बसला. मीही स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण तेवढंच नाही.

काही महिन्यांनी माझगावात गोदीच्या टीमशी मॅच होती. कुबडी घेतलेल्या दादांना मीच धरून नेलं, पुढे बसवलं. लोक नेहमीसारखे ओरडत नव्हते. कुजबुज होती, पण खेळ बरा चालला होता. मध्यंतर झालं. रमणीकने टॉवेलने तोंड पुसलं आणि सरळ आमच्याकडे चालत यायला लागला. दादांकडे बघत.

मला वाटलं, आता सांगणार. सगळ्यांदेखत सांगणार.

"खबऱ्या!" — ती पहिली आरोळी माझी होती. हो, माझी. नेहमीच्याच आवाजात दिली, नेहमीच्याच चालीवर. आणि नेहमीसारखीच सगळी चाळ मागून ओरडली. खबऱ्या! खबऱ्या! भिकादादा कुबडीवर उभे राहिले आणि डबा बडवायला लागले. ज्याने खांद्यावर उचलून नेलं, त्याच्या तोंडावर. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या म्हाताऱ्याच्या.

रमणीक जागीच थांबला. दादांकडे बघत राहिला. मग वळला, शर्ट उचलला आणि मैदानाबाहेर गेला. मॅच हरलो. तो पुन्हा कधी खेळला नाही. पुढे टीमही विसकटली. सिमेंटवर गासड्या रचायला लागले.

हिशेब चुकता करायला तो गिरणीत आला तेव्हा गेटवर मीच समोर आलो. पळायला जागा नव्हती. त्याने विचारलं, "वसंता, दादांना आता दुखत नाही ना? त्या दिवशी तेवढंच विचारायला येत होतो."

मी म्हटलं, "नाही दुखत."

तो म्हणाला, "बरं." आणि गेला. मुंबई सोडली म्हणतात. मी शोध घेतला नाही.

दादा त्यानंतर पुष्कळ जगले. आमच्याकडेच जेवायचे. येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "ह्येनाच माका वाचवल्यान." मी ताटात बघत जेवायचो. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "तो लॉरीत बसलेलो पोरगो, त्येची बुद्धी कशी फिरली रे? आम्ही त्याका झिल म्हणत होतो."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "जाऊ द्या दादा. असतात अशी माणसं."